जंगल, उघडी जमीन आणि पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंगल आणि पाणी यांबद्दल बोलताना दोन गोष्टी हमखास एकमेकींत मिसळतात: झाडं आणि झाडांखालची जमीन. झाड मुळांनी पाणी ओढतं आणि पानांतून हवेत सोडतं. जमीन पाणी आत घेते, धरते आणि खाली झिरपू देते. जंगल तोडलं की झाडाचं काम त्याच दिवशी थांबतं. जमिनीचं काम मात्र लगेच थांबेलच असं नाही. पुढे त्या जमिनीवर काय होतं यावर ते ठरतं. "झाडं लावा, पाणी वाढेल" आणि "झाडंच पाणी संपवतात" ही दोन्ही वाक्यं ठामपणे बोलली जातात आणि ऐकणारा गोंधळतो. खालच्या उत्तरांत झाड आणि जमीन हा फरक वारंवार येईल, कारण बहुतेक प्रश्नांचं उत्तर तिथेच दडलेलं आहे.

जंगलात पाऊस पडतो तेव्हा पाण्याचं नेमकं काय होतं?

पावसाचा पहिला हप्ता पानं आणि फांद्याच ठेवून घेतात. ती ओली होतात आणि त्यातलं बरंचसं पाणी जमिनीला न लागताच वाफ होऊन परत जातं. वर्षभराचा हिशोब केला तर पावसाचा साधारण १० ते ३० टक्के भाग असा वरच्या वर संपतो. रिमझिम पावसात हे प्रमाण जास्त असतं, मुसळधार पावसात कमी. सूचिपर्णी झाडं बारमाही हिरवी असल्यामुळे पानगळीच्या झाडांपेक्षा जास्त पाणी अडवतात.

उरलेलं पाणी पानांवरून ठिबकतं, थोडंसं खोडावरून ओघळून बुंध्याशी उतरतं, मग पालापाचोळ्यातून मातीत शिरतं. त्यातलं काही मुळं ओढून घेतात, काही खोल जाऊन भूजलाला मिळतं आणि काही उताराच्या आतूनच सरकत ओढ्याकडे जातं. निरोगी जंगलात जमिनीच्या पृष्ठभागावरून धावणारं पाणी क्वचितच दिसतं.

पानांनी थेंब अडवला म्हणजे जमिनीची धूप थांबली ना?

नाही. हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पावसाचा मोठा थेंब जमिनीवर सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने आदळतो. पानांवर बारीक थेंब एकत्र येतात आणि पानाच्या टोकावरून पडताना ते मूळ पावसापेक्षाही जाड झालेले असतात. असा थेंब आठ-दहा मीटर उंचीवरून पडला तर त्याचा वेग जवळजवळ पूर्ण वेगाइतका होतो. म्हणजे उंच झाडं आहेत, पण खाली झुडपं नाहीत आणि पाचोळा झाडून नेलेला किंवा जाळलेला आहे, तर त्या झाडांखालची उघडी माती मोकळ्या मैदानातल्या मातीपेक्षा जास्त मार खाऊ शकते. सागासारख्या मोठ्या पानांच्या लागवडीत जमीन उघडी ठेवली की हे स्पष्ट दिसतं. बुंध्याभोवतीची माती निघून गेलेली असते आणि मुळं वर आलेली असतात.

जमीन वाचवतो तो पाचोळा. थेंबाचा जोर त्याच्यावर संपतो आणि मातीला लागतं ते फक्त पाझरलेलं पाणी. धुपीचा अंदाज काढण्याच्या प्रचलित समीकरणात जमिनीच्या आच्छादनासाठी एक गुणांक असतो. पूर्ण उघड्या, नांगरलेल्या जमिनीसाठी तो १ धरतात. पाचोळा शाबूत असलेल्या जंगलासाठी तो ०.००१ किंवा त्याहूनही कमी असतो. हजारपटीचा हा फरक प्रामुख्याने जमिनीलगतच्या थरांमुळे पडतो.

जंगलाच्या मातीत पाणी इतक्या लवकर कसं मुरतं?

जंगलात खुरप्याने वीतभर माती उचलून पाहा. सर्वांत वर ओळखू येणारी पानं, त्याखाली अर्धवट कुजलेली, जाळीदार झालेली पानं, आणि त्याखाली काळसर, हातात घेताच दाणेदार सुटणारी माती. त्या दाण्यांमधून पांढरे, केसासारखे बुरशीचे धागे गेलेले दिसतात. मधेच एखादं गांडुळाचं बीळ, एखाद्या मेलेल्या मुळाची पोकळ नळी. वजनाला ही माती हलकी लागते, कारण तिच्या आकारमानाचा निम्म्याहून अधिक भाग मोकळी जागा असते. वरच्या थराची घनता अनेकदा घन सेंटिमीटरला एक ग्रॅमहूनही कमी भरते. तुडवलेल्या, दबलेल्या जमिनीत हीच घनता १.४ ते १.६ पर्यंत जाते.

मात्र एकूण पोकळी किती यापेक्षा ती कशा आकाराची आहे हे जास्त महत्त्वाचं. नळीतून वाहणारं पाणी त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतं. नळी दुप्पट रुंद झाली तर प्रवाह सोळापट होतो. त्यामुळे मुळांच्या जुन्या नळ्या आणि गांडुळांची बिळं एकूण मातीचा अगदी थोडा भाग व्यापत असली तरी जोरदार पावसात आत जाणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा त्यांच्यातूनच जातो. बारीक छिद्रांचं काम वेगळं आहे. ती पाणी धरून ठेवतात आणि पाऊस थांबल्यावर मुळांना पुरवतात.

जमीन दबली की आधी मिटतात ती मोठी छिद्रं. म्हणून दबलेल्या मातीत एकूण पाणी धरण्याची क्षमता फारशी घटलेली नसतानाही पाणी मुरण्याचा वेग दहा-वीस पटींनी घसरलेला सापडतो. चांगल्या जंगलात माती तासाला १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस सहज आत घेते. ट्रॅक्टर आणि ट्रकखाली घट्ट झालेल्या कच्च्या रस्त्यावर हा आकडा काही मिलिमीटरवर येतो.

झाडं तोडली की माती लगेच बिघडते का?

केवळ तोडल्यामुळे नाही. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूक या प्रायोगिक जंगलात मिळाला. १९६५च्या हिवाळ्यात तिथे सुमारे १६ हेक्टरच्या एका लहान पाणलोटातली सगळी झाडं तोडली. लाकूड बाहेर काढलं नाही, रस्ते केले नाहीत, यंत्रं फिरवली नाहीत. झाडं पडली तिथेच राहू दिली आणि पुढची तीन वर्षं तणनाशक मारून नवी वाढ रोखली. जमिनीला धक्का न लावता फक्त जिवंत झाडं काढून घेतली तर काय होतं, हे संशोधकांना पाहायचं होतं.

पहिल्या वर्षी ओढ्याचं पाणी अपेक्षेपेक्षा ३९ टक्क्यांनी वाढलं, दुसऱ्या वर्षी २८ टक्क्यांनी. पाणी मात्र लगेच गढूळ झालं नाही. गाळ वाढला तो उशिरा. त्याआधी बदललं ते पाण्यात विरघळलेलं सत्त्व. पाचोळा कुजून तयार होणारा नायट्रेट, म्हणजे झाडांना लागणारा नत्राचा क्षार, घ्यायला मुळं राहिली नव्हती. ओढ्यातलं नायट्रेटचं प्रमाण चाळीस-पन्नास पटींनी वाढलं आणि पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपलीकडे गेलं. त्याच्याबरोबर कॅल्शियम आणि पोटॅशियमही वाहून गेलं. डोळ्यांना माती जागच्या जागी दिसत होती, पण तिचा कस पाण्याबरोबर निघून चालला होता.

प्रत्यक्ष व्यवहारात जंगल असं हळुवारपणे कुणी तोडत नाही. ओंडके ओढले जातात, जड यंत्रं ओल्या मातीवर फिरतात, उरलेला कचरा पेटवला जातो, मग नांगर येतो किंवा गुरं येतात. नांगरटीने सेंद्रिय पदार्थ झपाट्याने जळतात आणि दाणेदार रचना मोडते. उघड्या मातीवर थेंब आदळले की तिचे कण सुटतात, छिद्रांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर काही मिलिमीटर जाडीची कडक खपली धरते. खपलीखालची माती कोरडी असताना वरून पाणी वाहून जाताना दिसतं ते यामुळेच. तेव्हा जंगल कशाने तोडलं, कोणत्या हंगामात तोडलं आणि नंतर तिथे काय केलं, हे प्रश्न किती झाडं तोडली याइतकेच मोलाचे आहेत.

जंगल तोडल्यावर ओढ्याचं पाणी वाढतं की कमी होतं?

वर्षभराची बेरीज धरली तर बहुतेक ठिकाणी वाढतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण जलशास्त्रातल्या सर्वांत पक्क्या निष्कर्षांपैकी हा एक आहे.

तो तपासण्याची पद्धत सोपी आणि चोख आहे. शेजारशेजारचे, सारखे दिसणारे दोन लहान पाणलोट घ्यायचे. काही वर्षं दोन्हींचे ओढे मोजून त्यांचं आपसातलं नातं समजून घ्यायचं. मग एकातली झाडं तोडायची, दुसरा तसाच ठेवायचा आणि मोजणी चालू ठेवायची. कोलोरॅडोतल्या वॅगन व्हील गॅप इथे असा प्रयोग १९१० साली सुरू झाला. १९१९ मध्ये एका पाणलोटातलं जंगल तोडलं आणि १९२६ पर्यंत नोंदी घेतल्या. तोडलेल्या बाजूचं पाणी वाढलं. १९८२ मध्ये बॉश आणि ह्यूलेट यांनी जगभरातले असे ९४ प्रयोग एकत्र मांडले. पाणलोटातलं दर १० टक्के सूचिपर्णी आच्छादन कमी झालं की वर्षाचा प्रवाह सरासरी ४० मिलिमीटरने वाढतो, पानगळीच्या झाडांसाठी हाच आकडा २५ मिलिमीटर आणि झुडपांसाठी १० मिलिमीटर, असं त्यांना आढळलं.

कारण उघड आहे. झाडांची मुळं खोल जातात, कोरड्या दिवसांतही पाणी ओढतात, आणि त्यांचा खडबडीत, उंच माथा वाऱ्यात लवकर सुकतो. गवत किंवा हंगामी पीक इतकं पाणी खर्चत नाही.

कोणती झाडं आणि किती वयाची, यानेही मोठा फरक पडतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या कोवीटा इथे पानगळीचं जंगल काढून १९५६ मध्ये पांढरा पाइन हे सूचिपर्णी झाड लावलं. पंधरा वर्षांनी त्या ओढ्याचं वार्षिक पाणी सुमारे २० टक्क्यांनी घटलेलं होतं. जंगल दोन्ही वेळा होतंच, फक्त झाड बदललं. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहराला पाणी पुरवणाऱ्या डोंगरांवर १९३९ साली भीषण वणवे लागले. त्यानंतर उगवलेलं निलगिरीच्या जातीचं तरुण जंगल जुन्या जंगलापेक्षा इतकं जास्त पाणी पिऊ लागलं की पंचवीस-तीस वर्षांनी ओढ्यांचं पाणी जवळजवळ निम्म्यावर आलं. हे जंगल म्हातारं होईल तसं पाणी पूर्वपदावर येतं, पण त्याला शंभराहून अधिक वर्षं लागतात.

मग "जंगल गेलं आणि झरे आटले" असं लोक सांगतात ते खोटं आहे का?

अजिबात नाही. लोकांनी पाहिलेलंही खरं आहे आणि मोजलेलंही खरं आहे. वर्षाची बेरीज आणि उन्हाळ्यातलं पाणी या दोन वेगळ्या बाबी आहेत, इतकंच.

एक हिशोब मांडू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. समजा वर्षाला २००० मिलिमीटर पाऊस पडतो. जंगल असताना १२०० मिलिमीटर हवेत परत जातं. उरलेल्या ८०० पैकी ५० मिलिमीटर वरून वाहून जातं आणि ७५० खोल मुरतं. झऱ्यांना पुढे मिळतं ते या ७५०मधून.

आता जंगल काढलं आणि तिथे गवत किंवा पीक आलं. हवेत जाणारं पाणी ८०० झालं, म्हणजे ४०० मिलिमीटरची बचत झाली. जमीन चांगली राखली आणि पृष्ठभागावरून फक्त २०० मिलिमीटर वाहिलं तर मुरतं १०००. झरे पूर्वीपेक्षा जास्त वाहतील. पण जमीन तुडवली गेली, खपली धरली, वरचा थर धुपला आणि ७०० मिलिमीटर वरच्या वर वाहून गेलं तर मुरतं फक्त ५००. वर्षाचं एकूण पाणी तेव्हाही ८०० वरून १२०० झालेलं असतं. नदी मोजणारा म्हणेल पाणी वाढलं. झऱ्यावर घागर घेऊन जाणारी बाई म्हणेल पाणी गेलं. दोघांचंही बरोबर.

झाडांनी न पिऊन वाचवलेलं पाणी जास्त की जमिनीने आत न घेतल्यामुळे गमावलेलं पाणी जास्त, याच्यावर सगळं ठरतं. उष्ण प्रदेशात पाऊस जोरदार, हंगाम थोडा आणि तोडलेल्या जमिनीची राखण कमी. त्यामुळे तिथे गमावलेलं पाणी जास्त भरण्याचा धोका मोठा असतो. माझ्या मते या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं गणित हेच आहे आणि धोरणं आखताना ते सर्वांत कमी मांडलं जातं.

जंगल स्पंजसारखं पाणी शोषून उन्हाळ्यात सोडतं, हे बरोबर आहे का?

अर्धवट. पाणी धरते ती माती आणि तिच्याखालचा झिजलेला खडक. माती वीतभरच असेल आणि खाली अखंड कातळ असेल तर वर कितीही घनदाट जंगल असलं तरी साठवण थोडीच राहते. शिवाय या साठ्यातून झाडं स्वतःही पाणी घेतात. स्पंज म्हणायचंच असेल तर तो जमिनीला म्हणावं. जंगल त्याची तोंडं उघडी ठेवतं.

जंगल असेल तर पूर येत नाहीत का?

लहान आणि मध्यम पावसात, लहान पाणलोटात, जंगलामुळे पुराचा जोर नक्की कमी होतो. झाडांनी आधीच माती कोरडी करून ठेवलेली असते, त्यामुळे नव्या पावसाला जागा मिळते. पाणी उताराच्या आतून हळू येतं.

सलग अनेक दिवस पाऊस झाला की मातीतली ती जागा भरते. भरलेल्या मातीवर पडलेला पाऊस जंगलातही धावतोच. म्हणून मोठ्या नदीच्या खोऱ्यात, शतकातून एखाद-दुसऱ्या वेळी येणाऱ्या महापुरात जंगलाचा परिणाम फिका पडतो. तिथे पावसाचं एकूण प्रमाण, नदीच्या पूरपट्ट्यात झालेली बांधकामं, पात्रात साचलेला गाळ या बाबी भारी ठरतात. प्रत्येक महापुराचं खापर डोंगरावर शेती करणाऱ्यांच्या डोक्यावर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. तसंच वरची जमीन बोडकी करून "पूर तर येणारच होता" म्हणणंही.

पुरात ओढ्याला येणारं पाणी त्याच पावसाचं असतं ना?

बहुतेक वेळा निम्म्याहून अधिक पाणी आधीपासून मातीत असलेलं जुनं पाणी असतं! पाण्याच्या रेणूंमधल्या जड ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या प्रमाणावरून नवा पाऊस आणि जुनं पाणी वेगळं ओळखता येतं. १९७०च्या दशकात कॅनडात अशा मोजण्या झाल्या आणि जंगलातल्या ओढ्यांचा पूर प्रामुख्याने जुन्या पाण्याचा असतो हे स्पष्ट झालं. नवा पाऊस वरून दाब देतो आणि खालचं साठलेलं पाणी पुढे ढकललं जातं.

त्याआधी १९३३ मध्ये अमेरिकन जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी मांडलं होतं की मुरण्याच्या वेगापेक्षा पाऊस जोरात पडला की पाणी वाहू लागतं. उघड्या, दबलेल्या जमिनीसाठी ते आजही लागू पडतं. जंगलात मात्र तसं क्वचितच घडतं. १९६७ मध्ये ह्यूलेट आणि हिबर्ट यांनी दाखवलं की तिथे पूर तयार होतो तो ओढ्यालगतच्या ओल्या पट्ट्यात. पाऊस वाढेल तसा हा पट्टा रुंद होतो, थांबला की आक्रसतो. एकाच डोंगराच्या तोडलेल्या आणि राखलेल्या बाजू पाण्याला दोन अगदी वेगळ्या वाटांनी खाली पाठवतात.

थोडंच जंगल राखता येणार असेल तर ते कुठे राखावं?

ओढ्यांच्या दोन्ही काठांवर, झऱ्यांच्या उगमावर आणि तीव्र उताराच्या घळींमध्ये. वरच्या उत्तरातला ओला पट्टा हाच आहे. तिथली माती आधीच पाण्याने भरत आलेली असते, म्हणून यंत्र किंवा गुरं गेली की ती सर्वांत जास्त दबते आणि सुटलेला गाळ थेट ओढ्यात पोहोचतो. काठावरची झाडं वरून येणारा गाळ आणि नायट्रेट अडवतात, मुळांनी काठ धरतात आणि सावलीने पाणी थंड ठेवतात. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, मासे आणि जलकीटक त्याच्यावर जगतात.

तोडलेल्या जंगलातून येणारा गाळ मुख्यतः कुठून येतो?

रस्त्यांवरून. लाकूड काढण्यासाठी केलेले कच्चे रस्ते, ओंडके ओढायच्या वाटा आणि त्यांनी ओलांडलेले ओढे. क्षेत्रफळ थोडं, पण तिथे पाणी मुरत नाही आणि उतारावर कापलेला रस्ता मातीच्या आतून येणारं पाणी वर काढून गटारीतून ओढ्यात सोडतो. रस्त्याचं पाणी थोड्या थोड्या अंतरावर जंगलाच्या पाचोळ्यात वळवलं तर बराच गाळ वाटेतच थांबतो.

उतारावरची झाडं तोडली तर दरड कधी कोसळण्याची शक्यता असते?

बहुतेकदा लगेच नाही. तोडलेल्या झाडाची मुळं काही वर्षं माती धरून ठेवतात, मग कुजतात. नव्या झाडांची मुळं तोवर पुरेशी पसरलेली नसतात. साधारण तिसऱ्या ते पंधराव्या वर्षापर्यंतचा काळ सर्वांत नाजूक मानला जातो. त्या काळात अतिवृष्टी झाली की उथळ दरडी सुटतात. मुळांच्या आवाक्याबाहेर, खोलवर सरकणाऱ्या दरडींवर झाडांचा प्रभाव फार नसतो.

झाडं तोडल्याने भूजल वर आलं तर ते चांगलंच नाही का?

खाली काय आहे यावर अवलंबून. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या पट्ट्यात जमिनीखाली हजारो वर्षं समुद्री वाऱ्यांनी आणलेलं मीठ साठलेलं होतं. निलगिरीच्या आणि इतर स्थानिक झाडांची खोल मुळं जवळजवळ सगळा पाऊस वापरून टाकत, त्यामुळे मीठ खालीच राहत असे. शेतीसाठी ती झाडं काढली आणि उथळ मुळांचा हंगामी गहू आला. दरवर्षी थोडं जास्त पाणी खाली झिरपू लागलं, भूजलाची पातळी चढत गेली आणि मीठ घेऊन वर आली.

याची चाहूल आधी लागली ती रेल्वेला. वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेल्या तलावांचं पाणी खारं होऊ लागलं होतं. डब्ल्यू. ई. वुड या रेल्वे अभियंत्याने १९२४ मध्ये लिहून ठेवलं की स्थानिक झाडोरा नष्ट झाल्यावर माती आणि ओढे खारे होतात. जंगलतोड त्यानंतरही अनेक दशकं चालू राहिली. आज त्या भागात दहा लाख हेक्टरहून जास्त शेतजमीन खारपड झालेली आहे. सखल जागी पांढरे पट्टे, वाळलेल्या झाडांचे सांगाडे आणि काठावर फक्त मीठ सोसणारी झुडपं. इशारा वेळेवर मिळाला होता, म्हणून ही गोष्ट जास्त लागते.

जंगल पाऊस पाडतं का?

लहानसं जंगल नाही. खंडाएवढं जंगल हो, काही प्रमाणात. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सलाती यांनी १९७०च्या दशकात पावसाच्या पाण्यातल्या समस्थानिकांचा, म्हणजे वर आलेल्या जड ऑक्सिजन आणि हायड्रोजनसारख्या अणूंचा, माग काढला. अटलांटिकवरून आलेली वाफ ॲमेझॉनच्या जंगलात पडते, झाडं ती पुन्हा हवेत सोडतात आणि वाऱ्याबरोबर ती आणखी आत जाऊन परत पडते. खोऱ्यातल्या पावसाचा पाव ते निम्मा भाग असा पुन्हा फिरलेला असतो, असे अंदाज आहेत. म्हणजे एका पाणलोटात "खर्च" म्हणून लिहिलेलं पाणी दुसऱ्याच्या खात्यात जमा होतं. लहान पाणलोटातले प्रयोग ही बाजू दाखवू शकत नाहीत.

सतत धुक्यात असलेली उंच डोंगरांवरची जंगलं हा आणखी एक अपवाद. तिथे पानं आणि फांद्यांवरचं शेवाळ धुक्यातलं पाणी गाळून जमिनीवर टाकतं. पर्जन्यमापकात हे पाणी नोंदलंच जात नाही. असं जंगल तोडलं तर ही आवक बंद होते आणि ओढ्याचं एकूण पाणी घटूही शकतं.

वणव्यानंतर माती पाणी का झिडकारते?

पाचोळा जळताना त्यातले मेणचट पदार्थ वाफ होऊन मातीत उतरतात आणि थोड्या खोलीवरच्या थंड कणांवर लेप धरतात. त्यावर पाण्याचा थेंब गोळा होऊन बसतो, आत जात नाही. हा परिणाम काही महिने ते काही वर्षं टिकतो. वणव्यानंतरच्या पहिल्या पावसात चिखलाचे लोंढे येतात ते यामुळे आणि वर राख सोडून कसलंच आच्छादन नसल्यामुळे.

पुन्हा झाडं लावली की सगळं पूर्ववत होतं का?

झाडांची तहान काही वर्षांतच परत येते. मातीची घडण परत यायला दशकं लागतात, आणि धुपून गेलेला थर परत यायला तर शतकं. या दोन वेगांमधला फरक लक्षात न घेता केलेली लागवड पाणी आणखी कमी करू शकते. घट्ट, खपली धरलेल्या जमिनीत ओळीने एकाच जातीची, झपाट्याने वाढणारी झाडं लावली, तर पाणी पिणारे वाढतात आणि पाणी मुरण्याचं प्रमाण तेवढंच राहतं. २००५ मध्ये रॉबर्ट जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या लागवडींच्या नोंदी तपासल्या. गवताळ आणि झुडपी जमिनीवर झाडं लावल्यावर ओढ्यांचं पाणी सरासरी ५२ टक्क्यांनी कमी झालं होतं, आणि १३ टक्के ओढे निदान एक वर्ष तरी पूर्ण कोरडे पडले होते.

चीनच्या लोएस पठारावरचं चित्र दोन्ही बाजू दाखवतं. वाऱ्याने आणून टाकलेल्या भुसभुशीत मातीचा हा प्रदेश. इथूनच पिवळ्या नदीला तिचा रंग मिळाला. विसाव्या शतकाच्या मध्यात ही नदी वर्षाला सुमारे १६० कोटी टन गाळ वाहत होती. उतारांवरच्या पायऱ्या, गाळ अडवणारे बांध आणि १९९९ पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झालेलं हिरवं आच्छादन यांमुळे तो गाळ कितीतरी पटींनी घटला. मातीच्या दृष्टीने हे फार मोठं यश आहे. पण त्याच वेळी नदीचं पाणीही कमी झालं आणि आणखी झाडं लावणं तिथल्या पावसाला परवडेल का, हा प्रश्न उभा राहिला.

लागवड करू नये असा याचा अर्थ काढू नका. आधी जमीन झाकावी, चराई काही वर्षं थांबवावी, वरून धावणारं पाणी समतल चरांनी थांबवावं, गवत आणि झुडपं येऊ द्यावीत. झाडं त्या भागातल्या पावसाला सोसतील अशी, मिश्र जातींची आणि विरळ लावावीत. कोरड्या प्रदेशात दाट लागवडीपेक्षा विरळ झाडं आणि त्यांच्यामधलं गवत भूजलाला जास्त पाणी देऊ शकतं.

आपल्या जमिनीत पाणी कसं मुरतं हे यंत्राशिवाय तपासता येईल का?

येईल. दोन्ही बाजूंनी उघडा, १५ सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा घ्या. पाचोळा अलगद बाजूला करून डबा निम्मा मातीत ठोका, आतली माती न हलवता. त्यात ४४० मिलिलिटर पाणी हळूच ओता. म्हणजे अडीच सेंटिमीटर पाऊस झाला. ते जिरलं की लगेच तेवढंच पुन्हा ओता आणि या दुसऱ्या वेळेला घड्याळ लावा. पहिलं पाणी कोरडी माती भिजवण्यात जातं, खरा वेग दुसऱ्यात कळतो. पंधरा मिनिटांच्या आत जिरलं तर मुरण्याचा वेग तासाला १०० मिलिमीटरपेक्षा जास्त, म्हणजे उत्तम. तास लागला तर वेग २५ मिलिमीटर, आणि जोराची सर आली की पाणी वाहणार. जंगलात, पडीक जागेत, शेतात आणि पायवाटेवर एकाच दिवशी ही चाचणी करा. प्रत्येक ठिकाणी तीन-चार जागा घ्या, कारण एखादं बीळ नेमकं डब्याखाली आलं तर आकडा फसवतो.

जोडीला सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या भांड्यातल्या पाण्यात अलगद सोडा. जंगलाच्या मातीचं ढेकूळ बुडबुडे सोडत भिजतं, पण आकार टिकवून धरतं. दरवर्षी नांगरल्या जाणाऱ्या, सेंद्रिय पदार्थ संपलेल्या मातीचं ढेकूळ काही मिनिटांतच कडांनी सुटू लागतं आणि तळाशी चिखलाचा पसारा होतो. वरचं पाणी गढूळ राहिलं तर पावसात त्या जमिनीवरून वाहणारं पाणीही तसंच असणार.